नऊ विती लांब, तीन विती रुंद

वाल्दिव्हियात नदीला बांधून ठेवली आहे ती,
काळी, पोटाशी शेवाळ धरलेली.
शेजारच्या धक्क्यावर समुद्रसिंह लोळतात, ढेकरा देतात,
मासळीवाल्यांकडे डोकी मागतात.
आई म्हणाली, यांना तरी उजेडात झोपायला मिळतं.

तिकिटं काढली. ज्येष्ठांना अर्धं.
एकोणीस वर्षं जिच्यावर दात धरला
तिच्या पोटात शिरायला अर्धेच पैसे पडले,
याचंच तिला जरा बरं वाटलं.

शिडी अगदी उभी.
खाली फाउस्तिनो, हात वर करून,
पोतं उतरवून घ्यावं तसा.
"डोकं सांभाळा," तो म्हणाला,
आणि नेमकं तेव्हाच तिचं डोकं आपटलं.

वास तोच.
डिझेल, कांदा, ओली लोकर.
बाबा घरी यायचे तेव्हा आधी हा वास यायचा,
मग ते.
आई त्यांचे कपडे परसात वेगळ्या दोरीवर घालायची
आणि तरी माझ्या डब्यातला पाव
दोन दिवस इंजिनाचा लागायचा.

फाउस्तिनो सांगत होता:
सत्तर माणसं, दोन संडास.
पाणी सोडायचं तर सात व्हॉल्व्ह, क्रमानं.
क्रम चुकला की सगळं परत आपल्याच अंगावर.
एका लेफ्टनंटचं झालं होतं तसं,
नाव नाही सांगत, पुढे तो फार मोठा झाला.

न्हाणीत बटाट्यांची पोती.
बटाटे संपले की अंघोळ.
बटाटे संपेपर्यंत घर यायचं.

"सकाळ झाली हे कसं कळायचं?" एका मुलानं विचारलं.
पाव आला की सकाळ, मसूर आली की रात्र.
एकदा आचाऱ्यानं चुकून पहाटे मसूर शिजवली,
अख्खी बोट दिवसभर जांभया देत राहिली.

आणि कुणी वर आपल्याला ऐकतंय असं वाटलं की
पंखे बंद. चमचे फडक्यात. खोकला उशीत.
मग पाणी ऐकू यायचं,
बाजारात बाई टोमॅटो दाबून बघते ना,
तसं पत्रा दाबून बघणारं.

टॉर्पेडोंच्या बाजूला, खालून दुसरी फळी.
"इथं दोघं झोपायचे. एकदम नाही.
एक उठला की दुसरा. गादी कधी गार झाली नाही.
लेओकादियोची आणि माझी ही एक जागा, अकरा महिने.
त्याला झोपलेला मी कधीच पाहिला नाही, बाई.
उशीतला खळगा तेवढा ओळखतो."

आईनं विचारलं,
"खळगा कुठल्या बाजूला असायचा?"

"पत्र्याकडे. अगदी कडेला."

आईनं पर्स माझ्याकडे दिली.
दोरीपलीकडे हात घातला आणि फळी मोजली.
नऊ विती लांब. तीन विती रुंद.

घरचा पलंग लग्नातला, दोन माणसं आडवीतिडवी मावतील असा.
पेन्शनीत आल्यावर बाबा चौदा वर्षं त्यावर झोपले,
भिंतीला नाक लावून, गुडघे पोटाशी घेऊन,
कडेच्या एका पट्टीत.
मधली मोकळी चादर आई रोज सकाळी
उगाचच झटकायची.
एकदा मावशीजवळ म्हणाली होती,
मी त्याला लागू नये म्हणून जपतो तो.

फाउस्तिनो तेवढ्यात वळला,
त्या मुलाला खोलीचा काटा समजावू लागला,
गरजेपेक्षा मोठ्यानं.
"हात लावू नये" अशी पाटी होती.
आईनं घोंगडीखाली हात सरकवला,
मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत.

"गार आहे," ती त्याला म्हणाली,
तक्रार केल्यासारखी.

बाहेर भुरभुर लागली होती.
बाकावर बसून आम्ही सफरचंदाचा कूखन खाल्ला,
एका समुद्रसिंहानं आमच्याकडे नापसंतीनं पाहिलं.
"सत्तर माणसं," आई अचानक म्हणाली,
"दोन संडास!"
आणि हसली, तोंडातला घास सांभाळत,
खांदे हलेपर्यंत, बराच वेळ.
मग माझ्याकडे रुमाल मागितला.