एक टक्का जस्त

निवतीच्या पुळणीवर पहाटे साडेपाचला
रापणीचा दोर ओला पडलेला असतो,
आणि माझ्या पिशवीत चार घड्या घातलेला आलेख,
ज्याची रेघ शेवटी खाली यायला हवी होती.
ती वर गेली आहे.

तांब्याचे अणू, एका ओळीत.
प्रत्येकाला एक फिरकी, शेजाऱ्याच्या उलट:
हा वर तर तो खाली,
खरं तर तसंही नाही, दोन्ही एकदम,
कुणी विचारीपर्यंत.
मी त्यात शंभराला एक जस्त मिसळलं.
जस्ताला फिरकी नसते. ते फक्त जागा अडवतं.

"जस्त म्हणजे बादलेक लावतत ता?" जानू तांडेल विचारतो.
तेच.
"मगे ता कित्याक घातलंस?"
मुद्दाम, जानूकाका.
सगळं चोख असलं की ओळ काही बोलत नाही.
खडा लागला की कळतं
कोण कुणाला धरून होतं.

दक्षिणेच्या दोरावर सातव्या आणि आठव्या माणसामध्ये
हातभर जागा कुणी भरत नाही.
ती उत्तम कुबलची.
मेला नाही तो. मिरकरवाड्याला पर्ससीनवर आहे,
आमच्याकडे येणारा बांगडा
आमच्या आधी उचलतो.

माझ्या स्फटिकात अशा जागी साखळी तुटते.
एकाच मितीत वळसा घालायला वाट नसते.
इथे दोर मोकळ्या जागेतून तसाच पुढे जातो.
उपमा फाटली. फाटू दे.
जाळंही रोज फाटतं.

पण तुटलेले तुकडे मोजून बघा:
सम असला तर सगळे जोडीने गप्प होतात,
विषम असला तर एक उरतो,
आणि तो उरलेला
शून्याच्या दोन अंश वर, हेलियमच्या थंडीत,
जरा चुंबक दिसला की मान वळवतो.
रेघ वर गेली ती त्यांच्यामुळे.
सरांचा निरोप आला आहे:
अशुद्धीचा वाटा वजा करून पाठव.

काल वाळूवर वाटे घातले तेव्हा
जानूकाकाने उत्तमचाही घातला,
पाच बांगडे, एक लेप.
त्याची बायको सुलोचना परडी घेऊन आली,
काही बोलली नाही,
लेप उलटा करून बघितला आणि गेली.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला नीट सांगता येत नाही.
बंध सगळे सारखे नसले
तर सगळ्यात घट्ट जोडी आधी मिटते,
ओळीतून जणू वजा होते,
आणि तिच्या अलीकडचा नि पलीकडचा
तिच्या डोक्यावरून एकमेकांना हलकेच धरतात.
मग त्यांच्याही पलीकडचे, त्याहून हलके.
जेवढं लांब तेवढं नाजूक,
पण धरलेलं.

आता ओढ सुरू झाली आहे.
गिरप बाप-लेक एका श्वासात मागे सरतात,
दोघी जावा कुजबुजत सरतात,
कुणाचं लक्ष कुणाकडे नाही.
उत्तरेच्या टोकाला चंपा खवणेकर,
दक्षिणेच्या टोकाला बस्त्याव.
मध्ये अडतीस माणसं, समुद्राचा एक अर्धगोल,
आणि होडीच्या इंजिनाच्या पैशांवरून
अठरा वर्षांचा अबोला.
ती टाच रोवते.
तो टाच रोवतो.

मी पिशवी कोरड्या वाळूत ठेवते, दोराला हात लावते.
इतकं क्षीण काही मोजायला जेवढी थंडी लागते
तेवढी माझ्या प्रयोगशाळेत नाही.