चार रबरं

"आधी बोट फिरव," मुनाफचाचा म्हणाले.
फिरवलं. रिमच्या कडेला
केसाएवढी चरी पडलेली;
तेलगावकडच्या घाटानं अकरा वर्षांत
माझ्या डाकेच्या सायकलीवर लिहिलेली एकच ओळ.
मग त्यांनी लोहचुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही.
"अ‍ॅल्युमिनियम. मग ते काळं कडक नक्को, बेटा.
ते लोखंडी रिमचं, दूधवाल्यांचं.
तुझी रिम खाऊन टाकील."

काचेवर चार जोड मांडले,
सोनार मांडतो तसे नाही,
बाजारात आल्याचे वाटे मांडावेत तसे.
पहिल्यावर नख दाबलं, उमटलंच नाही.
दुसरा विटकरी, मऊ, धरतो म्हणे छान
पण एक पावसाळा काढील, दुसरा नाही.
तिसऱ्याला आडव्या खाचा, पाणी निघून जायला.
चौथ्याला धातूचं घर,
झिजलं की नुसतं रबर सरकवून बदलायचं,
दीडशे रुपये.
"पगार कधी झाला?" चाचांनी विचारलं.
"व्हायचाय."
"मग चौथा पुढं, तिसरा मागं.
उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो,
पैसा पण तिथंच टाकायचा."

माझी जुनी रबरं काढली.
खाचा पार पुसलेल्या,
आणि काळ्या अंगात रुतलेले चमचमते कण,
थोडी खडी, थोडी रिमचीच चांदी.
चाचांनी टाचणीनं एक टोकरला,
माझ्या तळव्यावर ठेवला.
"हे बोंबलत होतं बघ."

बोंबलत होतं खरं.
चिंचवस्तीच्या वळणावर मूठ आवळली
की किंकाळी जायची सीताफळांच्या पार पलीकडं,
जमादार नावाचं कुत्रं उठून उभं राहायचं
आणि दारं उघडायची.
कोंडाबाई हात पुसत, निराधारच्या पैशांसाठी;
इंद्रजित भरतीच्या पत्रासाठी, बनियनवरच.
सायकलीला घंटी नाही माझ्या.
लागलीच नाही कधी.

पण मागच्या कातीमधी टोपल्यांनी भरलेली टमटम
वळणावर आडवी आली.
दोन्ही ब्रेक मुठीत.
आवाज पुरा आला,
थांबणं अर्धंच.
तीन दिवस पाटी-टोपल्यातल्या सीताफळाचा वास
माझ्या गुडघ्याच्या पट्टीला येत होता.

"कार्ड हाय का एखादं?"
पिशवीत होती, पन्नास पैशांची, कोरी,
आठ महिन्यांत आठसुद्धा खपली नव्हती.
त्यांनी एक मधोमध दुमडलं,
रबराच्या शेपटीखाली सरकवलं,
दहा नंबरचा पाना फिरवला, कार्ड ओढून काढलं.
"पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे, मागचं मागून.
कार्डाएवढाच फरक. मग ओरडत नाही.
आणि घराचं बंद तोंड पुढं बसवायचं.
उलटं बसवलंस तर रबर घाटात निसटणार
आणि तू थेट तेलगावच्या स्टँडात."
कार्डावर काळा डाग. मी ते परत पिशवीत ठेवलं,
हिशोबात काय लिहू, नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी घाट उतरले.
दोन बोटं पुरली.
चाकाखालची खडी ऐकू आली, साखळी ऐकू आली,
लांब कुणीतरी कुदळीनं दगड काढतंय, तेही.
चिंचवस्तीच्या वळणावर थांबले, जिथं थांबायचं तिथंच,
वीतभरसुद्धा पुढं नाही.

जमादार झोपलेला.
दारं लोटलेली.
आतून कोंडाबाई कुणाला तरी सांगत होती,
"आज डाक नाही वाटतं, आवाज नाही आला."

मी एक पाय टेकून उभी.
खाकरले.
मग हाक मारली, नावानं,
अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

आतलं बोलणं थांबलं.
"कोन हाय?"