चॅनल एक

मोदी नंबर तीनच्या गल्लीत मोटघऱ्यांचं दुकान.
काचेखाली लेन्सची अनाथ झाकणं, तुटके पट्टे,
आणि हवेपेक्षा ओल जास्त फेकणारा कूलर.
मी म्हटलं, फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवायचा आहे.
"काहून? चढला आहे तर राहू द्या ना."

कसा राहू द्यायचा.
डोक्यावरचा उजेड माणसाला भिंतीवर चिकटवतो,
नवरदेव आधार कार्डावरच्यासारखा दिसतो
आणि त्याची सावली त्याच्याच मानेमागे लपते.
उजेड बाजूनं यावा,
जरीपटक्यात शटर अर्धं वर असताना
शिवणाऱ्याच्या एका गालावर येतो तसा.

आतापर्यंत वायर होती, पाच मीटर.
हिंगण्याला तिच्यात नवरीची आत्या अडकली.
स्टँड, छत्री, आत्या,
या क्रमानं खाली आले.
माझ्या बिलातून तीन हजार गेले,
आत्याचा गुडघा अजून माझं नाव घेतो.

मोटघऱ्यांनी दोन डबे ठेवले.
एक साडेतेरा हजारांचा, निळ्या पडद्याचा,
फ्लॅशशी गप्पा मारणारा:
किती, केव्हा, किती थोडा, पुन्हा किती.
दुसरा अठराशे पन्नास, जोडी.
पडदा नाही. चार बारके खटके,
प्लास्टिक शनिवारच्या बाजारातल्या रिमोटसारखं.
तो फ्लॅशला एकच शब्द सांगतो:
आता.

बाकीचं मी चालत जाऊन करीन, मी म्हटलं.
उजेड कमी-जास्त करायला
दहा पावलं जायला माझे पाय आहेत.

मग साहिल रिसीव्हर घेऊन निघाला,
चपलांच्या दुकानापुढून, रसवंतीपर्यंत,
डोक्यावर फ्लॅश धरून, जणू वरातीतला दिवेवाला.
मी दाबत गेले, मोटघरे मोजत गेले.
रसवंतीवाल्याचा चेहरा वीजेसारखा पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा.
वीस वेळा दाबलं.
"एकोणीस," ते म्हणाले.
आणि विसावा?
"विसावा कोणाचा होता, लग्न झाल्यावर कोण इचारते, ताई."
मी विचारते, म्हणून मी सोळाशे दिले,
वर चार पेन्सिल सेल फुकट.
हेही मी पाहून ठेवलं होतं:
रात्री एकला, कोराडी रोडच्या पानठेल्यावर
पेन्सिल सेलच मिळतो.

पण चॅनलचं मला कोणी सांगितलं नाही.

मार्चमधलं लग्न, दोन लॉन, मधे एक कनात.
इकडे नंदनवार, तिकडे कोण ते माहीत नाही.
मी कॅमेरा गळ्यात ठेवून पाणी पीत होते
आणि माझा फ्लॅश उडाला.
कोणीही दाबला नव्हता.
पुन्हा उडाला.
कनातीपलीकडे कोणीतरी, माझ्यासारख्याच सोळाशेच्या डब्यावर,
आता म्हणत होतं,
आणि माझी छत्री त्याचं ऐकत होती.

पहिल्या रांगेत हिराबाई नंदनवार,
नवरदेवाची मोठी मावशी.
दर वेळी त्या पदर सारखा करायच्या,
हनुवटी वर, ओठ मिटून,
आणि उजेड गेल्यावर श्वास सोडायच्या.
सात वेळा.
सात फोटो, जे कोणीच काढले नाहीत.
तिकडे कुणाच्या तरी नवरीच्या घासाला
मी पाण्याचा पेला धरून उजेड पुरवत होते.

नवरीच्या मैत्रिणीकडून केसांची पिन घेतली,
तिच्या टोकानं खटके सरकवले,
दोन्ही डब्यांवर, तीन नंबर.
फ्लॅश गप्प झाला.

"संपलं का, बाई?" मावशींनी विचारलं,
पदर तसाच धरून.
नाही, म्हटलं. आता सुरू करते.