तिऱ्ह्याच्या पुलाखाली

गढूळ पाण्यात कुणीही मासा धरतो बे, राजेशम.
दोरी जाड असो, गळ गंजका असो, चालतं.
नवरात्र सरलं, सीनेचा गाळ खाली बसला
की पाणी उघडं पडतं,
आणि त्याच्यासमोर आपणही.

ती लाल चकचकीत काठी राहू दे गाडीलाच.
रीळसुद्धा. बावीसशेला मागवलीस म्हणे?
फिरताना आठवड्याच्या पगाराचा आवाज करते ती.
आज माझा कळक घे.
नऊ हात, शेंड्याला उंदराच्या शेपटीएवढा.

दोरी दाखव.
पॉइंट चाळीस! ही तर चादरीची किनार झाली.
एकवीस वर्षं मागावर उभा आहे मी,
सुताचा नंबर चढला की सूत बारीक होतं,
दोरीचं उलटं. उतर खाली. पॉइंट वीस घे.
डोळे मिटून बोटांत धर,
आहे की नाही कळेना, म्हणजे बरोबर.
तुटेल म्हणतोस?
तुटते ती गाठीपाशी, आणि गाठ आपली असते.
आधी थुंकीनं ओली कर, मग ओढ, सावकाश.
कोरडी ओढलेली गाठ आतून जळते,
दिसत नाही.

रबरी बेडूक? डोळेसुद्धा रंगवलेत?
मे महिन्यात हिप्परग्याला, शेवाळावर, टाक खुशाल.
इथं तळाचे खडे मोजता येतात,
इथं खोटं बोलायला जागा नाही.
झिंगा लाव, करंगळीच्या पेराएवढा,
शेपटीतून टोच, जिवंत राहिला पाहिजे.
शिसं काढून टाक.
तरंग्याला ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा पुरे.
वाहत आलेला कचरा वाटला पाहिजे तो.

ऊन तोंडावर घे. दिपू देत डोळे.
सावली मागं पडते ना, मग झालं.
आणि पांढरा शर्ट कुणी घालायला सांगितला होता तुला?
त्या म्हशीशेजारी उकिडवा बैस.
म्हशीला मासा भीत नाही.

काय बघलालास?
हां, ते. वाळुंजाच्या मुळाशी.
परातीएवढं पाणी तांबूस उकळतंय असं वाटतं ना?
पिल्लं आहेत मरळीची. पाच-सातशे तरी.
एकदम वर येतात, घोटभर हवा घेतात, एकदम खाली.
आता त्यांच्या खाली बघ. नीट बघ.
काळा सोटा.
कल्ल्याशिवाय काही हलत नाही तिचं.
आई हिला कोर्रमीनू म्हणायची,
आजारातून उठलेल्याला हिचंच कालवण द्यायची.

टाकलास तर घेणार ती, लगेच.
भुकेनं नाही.
पिल्लांवर जे पडेल त्याच्यावर झेपावते.
त्याला बारीक दोरी लागत नाही, बसणं लागत नाही,
मी आत्ता सांगितलं त्यातलं काहीच लागत नाही.
सुतळीला वाकडा खिळा बांध, तरी येईल.

मी टाकलाय.
दोन किलोला थोडी कमी भरली.
वर पुलावरच एका बुलेटवाल्यानं घेतली, नऊशेला.
टोपी राहिली होती काठावर, म्हणून परत उतरलो,
तोवर चिलापी आल्या होत्या.
परातीएवढा डाग ताटलीएवढा झाला,
मग वाटीएवढा.
मी टोपी झटकली, घातली.
नोटा खिशात होत्या, ओल्या हाताच्या.

तू वरच्या अंगाला जा, त्या खडकापलीकडं,
तिथं सड्याफटिंग मरळी हिंडतात.
चप्पल काढून जा. म्हशीच्या अलीकडून.
पहिला झटका सोडून द्यायचा, दुसऱ्याला ओढायचं,
आणि मिळाली नाही तर भाकरी आहे, शेंगाचटणी आहे,
साडेसातला रात्रपाळी आहेच.

मी इथंच बसतो.
गळ नाही लावत आज.
चिलापी जवळ आली की खडा मारायला
कुणीतरी पाहिजे.
कारखान्यात सांगू नकोस बे.