विलचं वुड

चियातुरात मार्चमध्येही मुलं वर्गात कोट काढत नाहीत.
खडू दमट. मी फळ्यावर अवतरणचिन्हं काढते,
आणि सांगते, ही आधी पुसायची.
मग 'मी'ची 'ती' होते,
'इथे'चं 'तिथे',
'उद्या'चा नुसता 'दुसरा दिवस',
आणि क्रियापद एक पायरी मागे सरकतं :
विलचं वुड.
का, ते विचारू नका. इंग्रजीत तसं असतं.
फक्त त्रिकालाबाधित सत्याला हात लावायचा नाही.
सूर्य पूर्वेला उगवतो, तो कुणीही सांगितला तरी
पूर्वेलाच उगवतो.

आमच्या जॉर्जियनमध्ये ही कटकट नाही.
दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलायचं
आणि शेवटी एक 'ओ' टाचायचा,
शर्टाला बटण टाचावं तसा.
त्यावरून कळतं, शब्द माझे नाहीत,
मी आपली पोचवणारी.
कुणाचा 'उद्या' कुणी काढून घेत नाही.

गृहपाठ होता : घरात कानावर पडलेलं एक वाक्य आणा
आणि उलटवून दाखवा.
एलिसोचे बाबा म्हणाले होते, गॅस संपलाय.
बाबा म्हणाले की गॅस संपला होता. बरोबर, बस.
नोदारनं शेजाऱ्याची शिवी आणली.
तीही नियमात बसली.

मग त्सोत्ने.
त्याची आई सालेर्नोत एका म्हातारीला भरवते,
न्हाऊ घालते, रात्री दोनदा कुशीवर वळवते.
चार वर्षं झाली.
(या वर्गातल्या निम्म्या आया तिकडेच आहेत.)
त्यानं वाचलं :
'इथल्या सिन्योरा जातील तेव्हा मी येईन.'
कुणी हसलं नाही.
फळ्यावर त्यानं एकही चूक न करता लिहिलं,
आई म्हणाली की
तिथल्या सिन्योरा गेल्या तेव्हा ती येणार होती.

बरोबर, मी म्हटलं.
तो खडू खाली ठेवेना.
'मास, म्हणजे सिन्योरा गेल्या?'
नाही रे, फक्त काळ बदलला.
'पण लिहिलंय, गेल्या.'
हो.
'आणि येणार होती म्हणजे? आली, की नाही आली?'
ते या वाक्यात नसतं, मी म्हटलं,
त्याला पुढचं वाक्य लागतं.
तो फळ्याकडे बघत राहिला, जणू खाली जागा आहे का ते बघत होता.
'मग आईचं सूर्याच्या नियमात घालता येईल?'
'तुझी आई काय सूर्य आहे?' एलिसो म्हणाली,
आणि लगेच तिनं स्वतःच मान खाली घातली.

घंटेला अजून दहा मिनिटं होती.
मी म्हटलं, स्वाध्याय सातवा, वहीत, गुपचूप.

त्याची आई, नातेला, याच खोलीत शिकली,
खिडकीकडच्या बाकावर.
विलचं वुड तिनं कधीच केलं नाही.
मी दर वेळी लाल पेनानं अर्धा गुण कापायची
आणि ती दर वेळी विचारायची,
बोलणाऱ्यानं तर विल म्हटलंय ना, मास?

संध्याकाळी रोपवेच्या रांगेत ती दोघं माझ्या पुढे होती,
त्सोत्ने आणि त्याचे वडील.
खाणीनं वडिलांचा डावा कान नेला,
उजव्याला फोनवरचं नीट लागत नाही,
म्हणून मुलगा ऐकतो आणि मोठ्यानं सांगतो,
एक वाक्य, आणि त्याला एक बटण :
'कोट धुवायला टाका-ओ.
पैसे गुरुवारी येतील-ओ.
सिन्योरांना आता बरंय-ओ,
आज दोन वाट्या सूप घेतलं-ओ.'

'बरं झालं,' वडील म्हणाले.
मग थोडा वेळ कुणीच काही पोचवलं नाही.
डबा आला, दार उघडलं,
आम्ही सरकून सरकून बसलो.