निळा आधी जातो

कोल्हापूरहून दस्तगीर येतो, महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी,
पिशवीत लिटरच्या बाटल्या, झाकणांवर चिकटपट्टी.
एका ओरिजिनलच्या पैशांत सहाच्या सहा घ्या ताई,
वर कागदाचं पाकीट फुकट.
‘हापूस काय, पायरी काय, आंबाच ना शेवटी?’
वेंगुर्ल्यात उभं राहून आंब्याचा दाखला देऊ नये माणसानं.
पेटीवर देवगड आणि पेंढ्यात कर्नाटक
हे इथलं शाळेतलं पोरही वासावरून सांगतं.

शाईला मात्र असा वास नसतो.
ओतताना दोन्ही सारख्या,
बोटाला लागल्या तर दोन्ही तीन दिवस जात नाहीत.
आणि छापून आल्यावर, खरं सांगते,
दस्तगीरचीच जरा जास्त देखणी.

मी एकदा एकच फोटो दोनदा छापला:
बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्या, वर भरपूर आभाळ.
पश्चिमेच्या खिडकीत शेजारी शेजारी लावले,
मागे पेन्सिलीनं ‘ओ’ आणि ‘द’.
दिवाळी ते शिमगा.
खारा वारा, तीनचं ऊन, खालच्या खानावळीचा धूर.
‘ओ’ थोडा थकला.
‘द’च्या आभाळात कुणी आगळ सांडलं होतं,
होड्या सोलकढीत उभ्या.

तेव्हापासून दोन प्रिंटर.
पासपोर्ट, रेशनकार्ड, परीक्षेचे अर्ज डावीकडे,
शिक्का पडेपर्यंत टिकलं म्हणजे झालं.
लग्नं, बारशी, गेलेली माणसं उजवीकडे.
ठरवलं तसं. ठरवायला काय लागतं.
पावसात उजवीकडचं हेड चोक होतं,
तपासणीच्या रेघा मधेच तुटतात,
तीनदा साफ केलं की पाव बाटली गटारात,
तीही होलोग्रामवाली.

परवा जयवंत गिरप आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम.
‘आवशीचो फोटो. हयसरच छापललो.’
काजूच्या फॅक्टरीतला तिचा शेवटचा दिवस,
गळ्यात हार, छातीशी भेट मिळालेलं घड्याळ.
भिंत गुलाबी, चेहरा गुलाबी, साडी गुलाबी,
झेंडूसुद्धा.
मागची तारीख पाहिली.
त्या जूनला माझ्या लेकीची फी होती.
उजवीकडचं माणूस मी डावीकडे छापलं होतं.

तो रागावला नाही. त्याला वाटलं, ऊन.
मी त्याला ऊनच वाटू दिलं.

फाइल शोधली. त्या वर्षीची डिस्क गंजलेली.
मग तोच फोटो स्कॅन करून
गेलेले रंग परत आणायला बसले.
निळा आधी जातो, मागोमाग पिवळा,
एवढं मला कळतं.
किती होता, ते कागद सांगत नाही.
‘साडी कसली होती?’
‘विटकरी.’
पणजीला बहिणीला फोन लावला, स्पीकरवर.
‘खुळो काय रे तू? वांगी. मियाच घेतललंय.’
विटकरीतून पिवळा गेला की गुलाबी,
वांगीतून निळा गेला तरी गुलाबीच.
मी दोघांनाही खोटं म्हणू शकत नव्हते.
ती दोघं भांडली, मग एकदम गप्प झाली.
‘तुका बरी दिसात ती घाल,’ जयवंत म्हणाला.

मी वांगी घातली.
ज्यानं पैसे मोजले त्याला रंग आठवत असावा.
नवी बाटली फोडली, ओरिजिनल, जाड कागद.
खोक्यावर लिहिलंय, पन्नास वर्षं हमखास.
पन्नास वर्षं टिकेल आता माझा अंदाज.

हातांना मात्र हात लावावा लागला नाही.
काजूच्या तेलानं काळी पडलेली तिची बोटं
दस्तगीरच्या शाईतही
जशीच्या तशी होती.

पैसे घेतले नाहीत. का, ते त्यानं विचारलं,
मी प्रिंटरकडे बघत राहिले.

उद्या बुधवार.
डावीकडची पिवळी तळाला गेलीय.