चाकाची मशीन

अप्पांची कानाची मशीन मीच धुतली,
सदऱ्याच्या खिशात राहिली होती.

नव्या पेठेतल्या पोराने काचेवर मांडल्या
वाटाण्याएवढ्या, मोबाईलवर चालणाऱ्या.
किंमत सांगितली. अप्पा म्हणाले, "काय?"
पुन्हा सांगितली. "काय?"
तिसऱ्यांदा कळलं मला,
पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

अशोक चौकात रियाजुद्दीन घड्याळवाल्याच्या
खोक्यात एक निघाली: वायरीची, जाडजूड,
पेन्सिल सेलची, आणि आवाजाला एक चाक
मागावर झिजलेल्या अंगठ्याला सापडेल असं.
साडेआठशेची सातशेला दिली, सेल घालून.

अप्पांनी चाक फिरवलं.
रिक्षा आली, कुकरची शिट्टी आली,
माझं नाक ओढणंही आलं.

घरी उंबऱ्यावर बसले,
तोंड चिलवेरींच्या कारखान्याकडे.
चाक पुढे. अजून पुढे.
"ही पण बिघडकीच दिली की गं त्यानं.
मागच वाजेनात."

बारा माग. चैत्रातच भंगारात गेले.
ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती,
म्हणून राहिली होती.

आत अम्मा विडीची पानं कापत होती.
कच्च. कच्च.
अप्पांनी मान वळवली.
चाकावरचा अंगठा काढला.